कर्ब-नत्राची गाठ: मातीतील सूक्ष्मजीवांच्या शोधाची पार्श्वभूमी

जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढवण्याचा आग्रह आज सर्वत्र धरला जातो, मात्र तो कर्ब टिकवायचा तर त्याच्या प्रमाणात नत्रही लागतो, ही गोष्ट त्या आग्रहात बहुधा मागे पडते. कर्ब आणि नत्र यांची चक्रे मातीतील सूक्ष्मजीवांच्या देहातच एकमेकांत गुंतलेली आहेत. हे ज्ञान बरेचसे सांडपाणी, शेणखत आणि कुजणारा काडीकचरा यांच्या अभ्यासातून हळूहळू हाती आले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जमिनीत सोरा (म्हणजे नायट्रेटचा क्षार) तयार होणे ही निव्वळ रासायनिक क्रिया मानली जाई. या समजुतीला पहिला निर्णायक धक्का 1877 मध्ये फ्रान्समध्ये बसला. पॅरिसचे सांडपाणी जमिनीत मुरवून शुद्ध करता येईल का, या प्रश्नावर काम करताना श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या उभ्या काचनळीतून सांडपाणी संथपणे झिरपू दिले. सुमारे 20 दिवस त्यातील अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला. त्यानंतर मात्र त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर होऊ लागले. क्रिया केवळ रासायनिक असती, तर तिने पहिल्या दिवशीच सुरू व्हायला हवे होते. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच नायट्रेट तयार होणे थांबले, वाफ काढून घेतल्यावरही ते पुन्हा सुरू झाले नाही, आणि थोडी माती धुतलेले पाणी वरून ओतल्यावर काही दिवसांनी पूर्ववत चालू झाले. क्लोरोफॉर्मने जीव मरतात, म्हणजे हे काम मातीतील सूक्ष्मजीवांचेच होते. इतक्या साध्या साधनांनी इतका स्पष्ट पुरावा देणारे प्रयोग विज्ञानात फार थोडे आहेत.

हे जीव वेगळे काढणे मात्र कठीण ठरले. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेती-संशोधन केंद्रात रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी त्यासाठी अनेक वर्षे खर्च केली, तरी जिलेटिनवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या नेहमीच्या सेंद्रिय माध्यमावर, ते वाढेनात. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये याचे कारण दाखवून दिले: या जिवाणूंना सेंद्रिय अन्न नकोच असते. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ते ऊर्जा मिळवतात आणि त्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडमधील कर्ब स्वतःच्या देहात बांधतात. नत्राचे रूपांतर आणि कर्बाचे स्थिरीकरण एकाच पेशीत घडते, हे येथे प्रथमच उघड झाले. याच काळात हेलरीगेल व विल्फार्थ यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींचे हवेतील नत्र बांधण्याचे कार्य सिद्ध केले, आणि 1888 मध्ये बायेरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू वेगळे काढले.

यापुढचा महत्त्वाचा टप्पा आपल्याजवळ, होळकरांच्या इंदूरमध्ये घडला. तेथील शेती-संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्रात भिजलेली माती व राख यांचे थर खड्ड्यांत रचून, ते वेळोवेळी उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली आणि 1931 मध्ये दोघांच्या नावाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. हॉवर्ड यांचे नाव जगभर घेतले जाते. वाडांचे मराठीतही क्वचितच ऐकू येते, याची खंत वाटते.

या पद्धतीमागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. सूक्ष्मजीवांच्या देहात साधारण आठ भाग कर्बामागे एक भाग नत्र असतो, आणि खाल्लेल्या कर्बापैकी ढोबळमानाने दोन-तृतीयांश ते श्वसनात कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सोडून देतात. म्हणजे 24 भाग कर्ब पचवायला त्यांना एक भाग नत्र पुरतो. गव्हाच्या काडात कर्बाचे नत्राशी हे गुणोत्तर 80 च्या आसपास असते. असे काड तसेच जमिनीत गाडले, तर कमी पडणारा नत्र सूक्ष्मजीव मातीतून ओढून घेतात आणि वर उभे पीक पिवळे पडते. उसाचे पाचट कुजवताना त्यावर युरिया टाकतात तो याचसाठी. उलट तागासारखे कोवळे हिरवळीचे खत गाडले, तर सूक्ष्मजीवांची गरज भागून उरलेला नत्र पिकाला मिळतो.

सूक्ष्मजीवांच्या देहांत किती कर्ब आहे, हे मोजण्याची सोपी रीत मात्र 1976 पर्यंत नव्हती. ती रॉथॅमस्टेडच्या जेंकिन्सन व पॉल्सन यांनी दिली, आणि तिच्या मुळाशी पुन्हा क्लोरोफॉर्मच होता: त्याची धुरी देऊन मातीतील जीव मारायचे, वाफ काढून टाकायची, आणि नव्याने वाढलेल्या जिवाणूंनी ती मृत शरीरे खाताना सोडलेला जादा कार्बन डायऑक्साइड मोजायचा. यातून दिसले, की जिवंत सूक्ष्मजीवांचा वाटा मातीतील सेंद्रिय कर्बात जेमतेम शेकडा एक ते पाच असतो. उन्हाळ्यात तापलेली कोरडी जमीन पहिल्या पावसाने भिजताच कार्बन डायऑक्साइड व नत्र यांचा एकदम लोट का सुटतो, याचाही उलगडा याने बराच झाला. हा परिणाम बर्च यांनी 1958 मध्ये पूर्व आफ्रिकेतील मातीवरील प्रयोगांतून मांडला होता. कोरडेपणात व अचानक भिजण्यात मेलेल्या पेशींचा ऐवज त्या लोटात मोठ्या प्रमाणावर असतो.

मातीत दीर्घकाळ टिकणारा कर्ब हा न कुजलेल्या वनस्पतींचाच असतो, ही जुनी धारणाही आता सुटली आहे. त्यातील बराचसा भाग मृत सूक्ष्मजीवांचे अवशेष असून ते चिकणमातीच्या कणांना चिकटून राहतात. म्हणूनच मातीतील सेंद्रिय पदार्थांचे कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण 10 ते 12 च्या दरम्यान स्थिरावते. पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी, 2015 मध्ये, जमिनीतील कर्ब दरवर्षी हजारी चार या प्रमाणात वाढवण्याचा संकल्प जाहीर झाला, तेव्हा काही मृदाशास्त्रज्ञांनी हेच गुणोत्तर पुढे ठेवले: शेतजमिनींत वर्षाला 120 कोटी टन कर्ब साठवायचा, तर त्यासोबत सुमारे 10 कोटी टन नत्रही तेथे अडकून राहील, आणि तो जगातील नत्रखतांच्या वार्षिक उत्पादनाच्या जवळपास तीन-चतुर्थांश भरतो.