सुई टोचली, तर आधी कोणाला तपासायचं?

१८४७ मध्ये व्हिएन्नात शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून एक डॉक्टर दगावला. डॉक्टरांनी हात धुवावेत हा आग्रह त्याच मृत्यूनंतर सुरू झाला. ऑपरेशनचे रबरी हातमोजेही मुळात रुग्णासाठी नव्हते. जंतुनाशकाने एका नर्सचे हात सोलवटत होते, म्हणून १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेत ते बनवून घेतले गेले.

आपल्याकडे मात्र रुग्णाकडून डॉक्टर-कर्मचाऱ्यांना होणाऱ्या लागणीचा हा विषय खऱ्या अर्थाने आला एचआयव्हीबरोबर. १९८६ मध्ये देशात पहिले बाधित सापडले आणि रुग्णालयांत घबराट पसरली. आकडे वेगळंच सांगतात. बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिची लस न घेतलेल्याला तोच आजार होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. पण कावीळ ओळखीची, तिला कोण घाबरतो? लस १९८०च्या दशकात आली होती, पण आयात केलेली आणि महाग. १९९७ मध्ये हैदराबादेत देशी लस निघाल्यावर ती आवाक्यात आली.

खरा गुंता झाला तो एका शब्दाचा: ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’, म्हणजे सार्वत्रिक खबरदारी. १९८७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत त्याचा अर्थ सरळ होता. कोण बाधित हे बघून कळत नाही, तेव्हा प्रत्येकाचं रक्त बाधितच आहे असं धरून काम करा. आपल्याकडे ‘प्रत्येकाचं’ एवढंच कानावर पडलं आणि प्रत्येकाची तपासणी सुरू झाली. ऑपरेशनच्या फाइलमध्ये एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपॅटायटिस बी), एचसीव्ही (हेपॅटायटिस सी) हे तीन रिपोर्ट हवेतच. एखादा ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे लागण दाखवणारा, आला की केस यादीत शेवटी ढकलायची, कपाटातून वेगळं किट काढायचं, दोन-दोन हातमोजे, गॉगल. ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ असेल तर त्याच टेबलावर वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायचं. लागण नुकतीच झाली असेल तर रिपोर्ट काही आठवडे ‘नॉन-रिॲक्टिव्ह’च येऊ शकतो, आणि रात्री दोनला आलेल्या अपघाताच्या रुग्णाचा तर रिपोर्टच नसतो. म्हणजे खबरदारी सार्वत्रिक राहिलीच नाही, कागद बघून घ्यायची झाली.

राष्ट्रीय धोरण सक्तीच्या तपासणीच्या विरोधात होतं. सर्जन मंडळींचं म्हणणं असे की सुरी आमच्या हातात, तर माहिती आम्हाला हवी. ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. सुई टोचल्यानंतर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायची औषधं चालू ठेवायची की नाही, हे रुग्णाच्या रिपोर्टवरच ठरतं. पण ती गरज सुई टोचल्यावरची. पहिला डोस रिपोर्टची वाट न बघता घ्यायचा असतो. शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत, आणि मग २८ दिवस. २०१७ चा एचआयव्ही कायदा तपासणीला संमती बंधनकारक करतो आणि कर्मचाऱ्यांना खबरदारीची साधनं व ही औषधं देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकतो. तिन्ही रिपोर्टांची ती ओळ छापील फॉर्मवर अजून आहे. १९९६ मध्ये शब्दही बदलून ‘स्टँडर्ड प्रिकॉशन्स’ झाला, वॉर्डात बोलताना मात्र ‘युनिव्हर्सल’च.

कोविडने लक्ष हवेतल्या धोक्याकडे वळवलं, जो क्षयरोगाच्या वॉर्डांत कायमच होता. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला, तो मृत्यूसाठी. टोचलेल्या सुईचा त्यात संबंध नव्हता.

आणि सुई पुष्कळदा टोचते ती इंजेक्शन देताना नाही, नंतर. ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात पडायला हवी. पडते साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत, आणि पिशवीला गाठ मारताना मावशींच्या तळहातात घुसते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस मिळायला हवी. बीचे डोस तीन: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. मावशी कंत्राटदाराच्या. मधेच कंत्राट बदललं की तिसरा डोस कोणी द्यायचा, यावर दोन्ही कंत्राटदार रुग्णालयाकडे बोट दाखवतात, आणि रुग्णालय कंत्राटदाराकडे.