चाक पुढे, पान मागे : माऊसच्या चाकाची पार्श्वभूमी

रत्नागिरीकडच्या सेतू केंद्रात सातबारा पाहायला आलेले आजोबा पडद्याकडे बोट करून ‘जरा वर घे रे’ म्हणतात, तेव्हा त्यांना पान वर सरकवून हवे आहे की वरचा मजकूर पाहायचा आहे, हे चालकाला अंदाजानेच ठरवावे लागते. माऊसचे चाक पुढे ढकलल्यावर पान खाली यावे की बोटाबरोबर वर जावे, या वादाचे मूळही ‘वर’ या शब्दाच्या याच दुहेरी अर्थात आहे.

हे चाक सर्वत्र पोचले ते १९९६ नंतर. त्याच्या आसाला जोडलेल्या, फिरणे मोजणाऱ्या एन्कोडरमधून दोन संकेत थोडे मागेपुढे निघतात आणि आधी कोणता बदलला यावरून दिशा कळते. विंडोजमध्ये चाकाच्या एका टप्प्याला १२० हा आकडा ठरवला गेला, कारण पुढे अधिक बारीक टप्प्यांची चाके आली तर त्याचे भाग पाडता यावेत. बऱ्याच माऊसमध्ये हे दोन संकेत देण्याचे काम धातूचे स्पर्शक करतात. त्यांच्यावर गंज किंवा मळ बसला की संकेतांचा क्रम चुकतो आणि खाली जाणारे पान मध्येच वर उसळते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ही तक्रार नित्याची आहे.

हातातल्या उपकरणांत २००१ च्या आयपॉडवर खरोखर फिरणारे चक्र होते. २००२ मध्ये त्याच्या जागी स्थिर, स्पर्श ओळखणारे चक्र आले. पुढे टचस्क्रीनवर बोट थेट पानावरच टेकू लागले आणि पान बोटामागे जाऊ लागले. २०११ मध्ये मॅकच्या प्रणालीने हीच दिशा माऊसच्या चाकालाही लावली आणि तिला ‘नैसर्गिक’ म्हटले.

हे नाव जुन्या दिशेवर अन्याय करणारे आहे. नारळी-पोफळीच्या वाडीतला रहाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चाकाची एक बाजू वर चढताना दुसरी खाली उतरते, हे सांगावे लागत नाही. माऊसच्या चाकाचा माथा बोटाने पुढे ढकलला की त्याचा तळ आपल्याकडे येतो, आणि तळाखाली कागद आहे असे मानले तर तोही आपल्याकडेच, म्हणजे खाली, सरकायला हवा. जुन्या रचनेत नेमके तेच होत असे. बोट पानावर असते तेव्हा नवी दिशा योग्यच आहे, परंतु मधे चाक आले की हिशेब उलटतो.

मॅकवर माऊस आणि टचपॅड यांच्या दिशेची निवड आजही एकत्रच बदलते, त्यामुळे केवळ चाकापुरती जुनी दिशा हवी असेल तर वेगळे सॉफ्टवेअर बसवावे लागते.