सही पहिल्या दिवसाची, परिणाम पाचव्या वर्षाचे

किरणोपचार सुरू होण्याआधी रुग्णापुढे एक छापील कागद येतो. ‘मला सर्व धोके समजावून सांगितले आहेत. पुढे काही झाल्यास डॉक्टर अथवा रुग्णालय जबाबदार राहणार नाही.’ सही झाली की नातेवाइकांना वाटतं, आता आपले हात बांधले गेले. खोलीतल्या कर्मचाऱ्यांना वाटतं, आपले हात मोकळे झाले. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. संमती उपचाराला असते, निष्काळजीपणाला नसते. त्यामुळे दुसऱ्या वाक्याला कायद्यात फारसं वजन नाही. पहिलं वाक्य खरं असेल तरच त्या सहीला अर्थ.

किती समजावून सांगायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदा, दुसरे पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं रुग्णाला कळलंच पाहिजे. अगदी दुर्मीळ, पुस्तकी धोक्यांची जंत्री वाचून त्याला घाबरवायची गरज नाही. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. न्यायालयाने ती संमती मानली नाही. रुग्ण सज्ञान होती आणि जिवावरची घाई नव्हती. ‘आईला काही सांगू नका, सही मी करतो’ म्हणणाऱ्या मुलाला हे सांगावं लागतं. शिवाय जी बाई डोकं हलू नये म्हणून रोज मुखवटा चढवून मशीनखाली झोपणार आहे, तिच्यापासून सात आठवडे काय लपणार?

शस्त्रक्रियेत बिघडलं तर ते बहुधा दिवसांत किंवा आठवड्यांत कळतं. किरणोपचारात सगळ्यात वाईट परिणाम सगळ्यात उशिरा येतात. असं का, ते थोडं खोलात जाऊन पाहू, कारण रुग्णाच्या हक्कांचा अर्धा प्रश्न तिथेच आहे.

किरण पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तोडतात. पेशी बहुतेक वेळा लगेच मरत नाही. विभाजनाची वेळ आली की तुटकी गुणसूत्रं तिला धड वाटता येत नाहीत आणि तेव्हा ती मरते. म्हणजे जी पेशी भराभर विभागते, तिचं नुकसान लवकर दिसतं. तोंडाच्या आतलं अस्तर अशा पेशींचं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, गिळताना आग होते आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते भरून येतं. ट्यूमरच्या पेशी साधारण याच गटातल्या. हाड, मज्जारज्जू, बारीक रक्तवाहिन्या या ऊती मात्र संथ. त्यांचा हिशेब सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी पाच वर्षांनीही निघतो आणि तो बहुधा भरून येत नाही.

या दोन गटांत आणखी एक फरक आहे. रोजचा डोस लहान असेल तर संथ ऊती पुढच्या सिटिंगपर्यंत बरीचशी दुरुस्ती करून घेतात. ट्यूमरला त्याचा तेवढा फायदा मिळत नाही. म्हणून तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला एकदम डोस न देता रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक), आठवड्यातून ५ दिवस, अशा ३५ सिटिंग देतात. हा फरक एका आकड्यात मांडतात, त्याला अल्फा-बीटा गुणोत्तर म्हणतात. ट्यूमरसाठी ते साधारण १० ग्रे आणि उशिरा दुखावणाऱ्या ऊतींसाठी साधारण ३ ग्रे धरतात. एकूण डोसला ‘१ अधिक रोजचा डोस भागिले हे गुणोत्तर’ याने गुणलं की त्या ऊतीवर खरा मारा किती झाला ते कळतं.

करून पाहू. ३५ सिटिंग, रोज २ ग्रे, एकूण ७० ग्रे. ट्यूमरवर ७० गुणिले १.२, म्हणजे ८४. संथ ऊतींवर ७० गुणिले १.६७, म्हणजे साधारण ११७. आता हेच २० सिटिंगमध्ये रोज ३ ग्रे देऊन ६० ग्रेवर संपवलं तर? ट्यूमरवर ६० गुणिले १.३, म्हणजे ७८. संथ ऊतींवर ६० गुणिले २, म्हणजे १२०. एकूण डोस १० ग्रेने कमी झाला, ट्यूमरवरचा मारा कमी झाला आणि हाडा-नसांवरचा मात्र वाढला. म्हणून रोज ३ ग्रे देणं चूक, असा याचा अर्थ नाही. स्तनाच्या कर्करोगाचं गणित वेगळं असतं आणि तिथे १५ सिटिंगमध्ये ४० ग्रे ही आता नेहमीची पद्धत आहे. मुद्दा असा की ‘एकूण ६० ग्रे दिले’ एवढंच लिहिलेला कागद अपुरा आहे. रोज किती, किती सिटिंग, कोणत्या तारखांना आणि मध्ये किती खाडे, हे त्यात नसेल तर पुढच्या डॉक्टरला हे गणित मांडताच येणार नाही.

खाड्यांबद्दलही सांगायला हवं. तोंड-घशाच्या ट्यूमरमध्ये साधारण चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी जोमाने वाढू लागतात. तिथून पुढे उपचार लांबलेला प्रत्येक दिवस सुमारे ०.६ ग्रे खाऊन टाकतो. मशीन तीन दिवस बंद पडलं तर ‘सोमवारी या’ म्हणून भागत नाही. शनिवारी सिटिंग घेणं किंवा एका दिवशी किमान ६ तासांच्या अंतराने दोन घेणं, असे उपाय आहेत आणि ते विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. उपचार मध्येच थांबवण्याचाही त्याला हक्क आहे. पण थांबवल्याने काय गमावतो, हे ऐकून घेतल्यावरच तो नकार खरा.

रोज २ ग्रेच्या हिशेबाने मज्जारज्जूवर ५० ग्रे पडले तर कायमची इजा होण्याची शक्यता सुमारे ०.२ टक्के, ६० ग्रेला सुमारे ६ टक्के. समजावताना असे आकडे सांगायचे असतात. ‘थोडे साइड इफेक्ट होतात’ ही माहिती नव्हे. आणि प्लॅन, म्हणजे कुठे किती डोस द्यायचा याची आखणी, निर्दोष असूनही कुणी त्या टक्क्यांत सापडू शकतो. तेव्हा डॉक्टरची बाजूही कागदच मांडतो.

सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात सगळ्यात कामाचं उदाहरण दाताचं. मिश्री, तंबाखू, गुटखा यांमुळे तोंडाचे कर्करोग इथे काही नवे नाहीत. बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. जबड्यावर साधारण ६० ग्रेच्या वर डोस पडला की हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. चार-पाच वर्षांनी दाढ दुखते, जवळचा दंतवैद्य ती काढतो, जखम भरत नाही आणि हाड उघडं पडून कुजू लागतं. यावर उपाय आधीच करायचा असतो. किडके दात उपचारापूर्वी दोन-तीन आठवडे काढून जखम भरू द्यायची आणि नंतर कोणताही दात काढण्याआधी जुना डोस दाखवायचा. हा धोका दुर्मीळ, पुस्तकी सदरात बसत नाही. संमतीच्या वेळी तो सांगायलाच हवा.

आता कायद्याकडे पाहू. २००२ सालचे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम म्हणतात, आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपा. किरणोपचाराचे बहुतेक रुग्ण रोज येऊन-जाऊन उपचार घेतात, म्हणजे बाह्यरुग्ण. आणि हाडाचं दुखणं येतं पाचव्या वर्षी. ग्राहक संरक्षण कायदा तक्रारीला कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत देतो. मग लपून राहिलेल्या इजेचं काय? पोटात गॉज राहिल्याच्या एका प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशी इजा कळली, किंवा नेटाने शोधली असती तर कळली असती, तिथून मुदत मोजायची. त्या रुग्णाची तक्रार मात्र फेटाळली गेली. ती स्वतः परिचारिका होती आणि नऊ वर्षं दुखत असूनही तिने पाठपुरावा केला नव्हता, हे तिच्या विरोधात गेलं. फॉलो-अप चुकवू नका, हा सल्ला जसा वैद्यकीय आहे तसाच कायदेशीरही.

कर्मचाऱ्यांवरच्या डोसला मर्यादा आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या हिशेबाने ५ वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या किरणोत्सर्गाचं एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. छातीवरचा टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर पडलेला डोस मोजणारा बिल्ला, त्यासाठीच असतो. रुग्णाच्या डोसला अशी कायदेशीर कमाल मर्यादा नाही आणि असूही शकत नाही. त्याचं संरक्षण म्हणजे उपचार खरंच गरजेचा असल्याची खात्री, अचूक नियोजन आणि त्याची स्वतःची समज. समज म्हटलं की भाषा आली. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईची घरची भाषा तेलुगू, अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याची कन्नड. इंग्रजी फॉर्मवर त्यांचा अंगठा घेतला तर न्यायालयात तो फार काळ टिकेल असं वाटत नाही.

भाषेचा फटका तंत्रज्ञांनाही बसतो. फ्रान्समधल्या एपिनाल इथे २००४-०५ मध्ये प्रोस्टेटच्या २४ रुग्णांना जास्त डोस गेला. डोस उतरता करण्यासाठी किरणांच्या वाटेत धातूची पाचर ठेवतात. तीच किमया यंत्राचा जबडा, म्हणजे किरणांची वाट अडवणारा धातूचा सरकता भाग, सरकवूनही साधता येते. धातूची पाचर किरण अडवते म्हणून तिच्यासाठी मशीन जास्त वेळ चालवावं लागतं. तिथे प्रत्यक्षात पाचर नव्हती, पण आकडे पाचरीचे वापरले गेले. सॉफ्टवेअरच्या सूचना इंग्रजीत, वापरणारे फ्रेंच. रुग्णांना ही चूक वेळेवर सांगितलीही गेली नाही. २०१३ मध्ये दोन डॉक्टर आणि डोसचं गणित पाहणाऱ्या एका फिजिसिस्टला शिक्षा झाली.

संमती रोजची असते, हे मशीनच्या खोलीत दिसतं. मुखवटा घट्ट असतो, धड बोलता येत नाही. म्हणून हात वर करण्याची खूण पहिल्या दिवशीच ठरवून द्यावी आणि हात वर दिसला की बीम (किरणांचा झोत) बंद करावा. त्यासाठी कॅमेरा लागतोच, पण त्याचा पडदा बाहेर बसलेल्यांना दिसता कामा नये. स्त्री रुग्णाच्या वेळी सोबत स्त्री असणं हा रुग्ण हक्कांच्या सनदेतला हक्क आहे, उपकार नव्हे.

जाता जाता, बाहेरून किरण घेतलेला रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. त्याचं ताट-पेला वेगळं ठेवणं आणि नातवाला जवळ येऊ न देणं निव्वळ अज्ञान आहे. ‘दुष्परिणामाविना कर्करोग बरा’ असं सांगणारी औषधाची जाहिरात कर्करोगासाठी १९५४ च्या कायद्यानेच बंद आहे, मग ती मुळीची असो वा भस्माची.

शेवटच्या सिटिंगच्या दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. नियमाप्रमाणे ७२ तासांत कागद मिळायला हवेत. मागायचं ते हे: उपचाराचा सारांश, रोजचा आणि एकूण डोस, सुरुवात-शेवट आणि खाड्यांच्या तारखा, मज्जारज्जू, जबडा व लाळग्रंथींवर पडलेला डोस, डोस-व्हॉल्यूम आलेख (कोणत्या अवयवाच्या किती भागावर किती डोस पडला त्याचा) आणि प्लॅनची डायकॉम या वैद्यकीय संगणकीय स्वरूपातली सीडी. नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत. सहा वर्षांनी पुन्हा किरण द्यायची वेळ आली तर दुसऱ्या रुग्णालयाला जुना प्लॅन नव्या स्कॅनवर बसवून पाहावा लागतो आणि ते डायकॉमनेच जमतं. सीडी खराब होते, म्हणून तिची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. तक्रारीची वेळ आलीच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने रुग्ण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. सांगोल्याच्या माणसाने पुण्यात उपचार घेतले असले तरी सोलापुरात तक्रार चालते. जिथे सर्वांनाच उपचार पूर्ण मोफत मिळतात, तिथली प्रकरणं ग्राहक कायद्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालय आणि महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. कागद मागण्याचा हक्क मात्र तिथेही तोच.