वांग्शी युआन (सूचौ)

वांग्शी युआन : चीनच्या च्यांग्सू प्रांतातल्या सूचौ शहरातील पारंपरिक खासगी उद्यान. जुन्या शहराच्या आग्नेय भागात, एका अरुंद गल्लीत ते आहे. राहत्या घरासकट त्याचे क्षेत्रफळ अर्ध्या हेक्टरहून किंचित जास्त, म्हणजे जेमतेम सव्वा एकर. युनेस्कोने १९९७ मध्ये सूचौची चार उद्याने जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत हे एक. २००० मध्ये त्यांत आणखी पाचांची भर पडली. याच शहरातले चुओचंग युआन याच्या जवळपास दहापट मोठे आणि कितीतरी अधिक प्रसिद्ध. तरीही बांधणीच्या कसबाचा विषय निघाला की जाणकार आधी वांग्शी युआनचे नाव घेतात.

उद्यान म्हटल्यावर हिरवळ, फुलांचे वाफे आणि सरळ रस्ते शोधणाऱ्याच्या हाती इथे काही लागत नाही. पुण्यातले पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन या जपानी उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले आहे. ते पाहिलेल्या मराठी वाचकालाही सूचौत थोडे चकायला होते. तिथे मोकळे मैदान आणि दूरवर जाणारी नजर. इथे पावलोपावली भिंती. पाणी, दगड, झाडे आणि इमारती या चारही गोष्टी सारख्याच वजनाच्या, किंबहुना इमारतींचा भार अंमळ जास्तच. मालक इथे राहत असे, पाहुण्यांना भेटत असे, लिहीत-वाचत असे. फिरायला जाण्याची ही जागा नव्हती.

जागेचा इतिहास बाराव्या शतकापर्यंत मागे जातो. दक्षिण सुंग काळात शी चंगची या अधिकाऱ्याने इथे घर बांधले, त्यात मोठा ग्रंथसंग्रह ठेवला आणि बागेच्या भागाला एकांतात राहणाऱ्या कोळ्याचे नाव दिले. पुढे सारेच मोडकळीला आले. अठराव्या शतकात सुंग त्सुंगयुआन या निवृत्त अधिकाऱ्याने जागा नव्याने उभी केली आणि जुन्या नावाचा धागा धरून तिला ‘जाळेवाल्याची बाग’ म्हटले. आजची मांडणी मुख्यतः त्यानंतरचा मालक छू युआनत्सुन याने त्या शतकाच्या अखेरीस केलेली आहे. सरकारी दरबार सोडून मासेमारी करत साधेपणाने जगावे, ही चिनी विद्वान-अधिकाऱ्यांची फार जुनी हौस. प्रत्यक्षात जाळे कोणी पाण्यात टाकले नाही, आणि या ‘कोळ्याच्या’ घरात पालखी उतरवायला स्वतंत्र दालन होते!

१९३० च्या दशकात चित्रकार चांग दाछ्येन आणि त्यांचे थोरले बंधू चांग शानत्स इथे राहत. शानत्स वाघांच्या चित्रांसाठी नावाजलेले. समोर नमुना हवा म्हणून त्यांनी एक वाघाचा बच्चा या बागेत पाळला होता. त्याच्या स्मृतीचा शिलालेख आजही आवारात आहे. शेवटच्या खासगी मालकाच्या वारसांनी १९५० मध्ये उद्यान सरकारच्या हवाली केले आणि १९५८ च्या डागडुजीनंतर ते लोकांसाठी खुले झाले.

पूर्वेकडच्या निम्म्या भागात घर आहे. दरवाजा, पालखीचे दालन, बैठकीचा मोठा दिवाणखाना आणि मागे घरच्या बायकांची दुमजली वास्तू, हे सारे एका सरळ रेषेत, मध्ये चौक सोडत. दिवाणखान्यासमोर कोरीव विटांची कमान आहे. तिच्यावर सेनापती कुओ त्सयी याचा वाढदिवस आणि वन नावाचा राजा नदीकाठच्या वृद्ध चियांगच्या भेटीला येतो तो प्रसंग, असे दोन देखावे आहेत. विटेत इतके नाजूक काम क्वचितच पाहायला मिळते. बहुतेक लोक मान वर न करता तिच्याखालून निघून जातात.

पालखीच्या दालनातून पश्चिमेला एक लहान दार बागेत उघडते. आत शिरल्यावर तळे दिसत नाही, आणि हे मुद्दाम केलेले आहे. पहिल्यांदा लागते ते क्वेहुआच्या (ऑस्मँथस या सुवासिक फुलांच्या) झाडांमधले एक दालन, आणि त्याच्या उत्तरेला पिवळसर दगडांची रचलेली टेकडी पाण्याची वाट अडवून उभी असते. तिला वळसा घालून छपराखालच्या वळणदार वाटेने जावे लागते. भिंत, खिडकी, भिंत असे करत एका वळणावर अचानक समोर पाणी येते. लहान जागा मोठी भासवण्याची ही मुख्य युक्ती. सगळे एकदम दिसू द्यायचे नाही.

तळे लांबी-रुंदीला वीसेक मीटरच असेल. ते मोठे का वाटते, हे काठावर उभे राहून नीट न्याहाळण्यासारखे आहे. काठाचे दगड पाण्यावर पुढे झुकलेले आहेत आणि त्यांच्या खाली अंधाऱ्या कपारी सोडल्या आहेत, त्यामुळे पाणी संपते कुठे ते कळत नाही. तळ्याचे दोन समोरासमोरचे कोपरे ओढ्यासारखे निमुळते करून नजरेआड नेले आहेत. उंच इमारती काठापासून मागे सारल्या आहेत. काठावर आहेत ते बुटके मंडप. आग्नेय कोपऱ्यातला कमानदार दगडी पूल तर तीन पावलांत ओलांडून होतो, कठडा गुडघ्याएवढाच. माणूस त्यावर उभा राहिला की राक्षसासारखा दिसतो. तो उतरला की तळे पुन्हा सरोवर होते. पर्यटकांची सगळ्यांत जास्त छायाचित्रे याच पुलावर निघतात, म्हणजे ज्या पुलाने पाणी मोठे करायचे त्यालाच दिवसभर लहान करून ठेवलेले असते.

पश्चिम काठावर चंद्र आणि वारा यांच्या नावाचा षट्कोनी मंडप आहे. त्यात मागच्या बाजूला एक मोठा आरसा लावलेला आहे. पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आकाशात, पाण्यात आणि आरशात असा तीन जागी दिसतो, असे सांगतात. दिवसाढवळ्या त्याचा उपयोग अधिक व्यावहारिक: आरशात समोरचा काठ उमटतो आणि मंडपामागची भिंत नाहीशी होते. उत्तरेकडच्या अभ्यासिकेसमोर सायप्रसचे एक जुने झाड आहे. ते सुंगकाळातले मानले जाते.

शांघायच्या थुंगची विद्यापीठातले वास्तुविद्येचे प्राध्यापक छन त्सुंगचौ (१९१८–२०००) यांनी चिनी उद्यानांचे दोन भाग पाडले: चालत पाहायची आणि बसून पाहायची. चुओचंग युआन पहिल्यातले, वांग्शी युआन दुसऱ्यातले. ही विभागणी भेटीच्या दृष्टीने फार कामाची आहे. अख्खी बाग चालून पाहायला अर्धा तास पुरतो, आणि ‘एवढेच होय?’ म्हणत परतणारे बहुतेक हेच अर्ध्या तासवाले असतात. तळ्याकाठी एका मंडपात बसून राहिले की पाण्यावरचा उजेड पांढऱ्या भिंतीवर हलताना दिसतो, मासे सावलीत सरकतात, जाळीदार खिडकीच्या चौकटीतली बांबूची काडी वाऱ्याने जागा बदलते. बाकी फार काही घडत नाही. ज्याला हे कंटाळवाणे वाटेल त्याने चुओचंग युआनला जावे, तिथे पायांना भरपूर काम आहे.

बागेच्या वायव्येला वेगळ्या भिंतीआड एक छोटे अंगण आहे, वसंत सरताना फुलणाऱ्या पिओनींसाठी राखलेले. एक अभ्यासिका, भिंतीला टेकलेला अर्धा मंडप, झऱ्याचे पाणी, काही खडक, संपले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला आपल्या चिनी दालनांसाठी अंगण हवे होते, तेव्हा नमुना म्हणून हेच निवडले गेले. ब्रूक ॲस्टर यांच्या देणगीतून सूचौच्या २७ कारागिरांनी तिकडे जाऊन ते जोडले आणि १९८१ मध्ये ते खुले झाले. खांब, विटा, दगड सारे चीनमधून गेले. मात्र तिथे डोक्यावर काचेचे छत आहे. वळचणीवरून पडणारे पावसाचे पाणी तिथे नाही. आणि सूचौच्या बागा पावसात सर्वांत चांगल्या दिसतात, यावर तिथल्या लोकांचे सहसा दुमत नसते.

शांघायहून सूचौला अतिवेगवान रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. उन्हाळी महिन्यांत संध्याकाळी वेगळे तिकीट काढून बाग पुन्हा पाहता येते. दालनादालनांत दिवे लागतात, कुठे खुनछू संगीतनाट्यातला एखादा प्रवेश, कुठे तंतुवाद्यावरचे फिंगथान कथागायन. प्रेक्षक घोळक्याने एका दालनातून दुसऱ्यात नेले जातात. हा थोडा पर्यटकी मामला आहे खरा, पण मूळ मालकही पाहुण्यांना असेच गाणे ऐकवत.

क्वेहुआचा बहर साधारण सप्टेंबरअखेर सुरू होतो आणि जर्दाळूसारखा गोड वास गल्लीपर्यंत येतो. पंचाईत अशी, की त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि तळ्याभोवती उभे राहायलाही जागा मिळत नाही. बहर बहुधा एकदाच येऊन संपत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. म्हणून सुट्टी उलटल्यानंतरच्या आठवड्यात, एखाद्या कामाच्या दिवशी, दरवाजा उघडतानाच जाणे उत्तम.