जलपर्णी आपल्याकडेच एवढी का माजते?

जळगावकडच्या हतनूर धरणाचं बॅकवॉटर घ्या नाहीतर गावाबाहेरचा सांडपाणी मिसळलेला तलाव, काठावर हिरवं दिसलं की आपण म्हणतो गवत माजलंय, जेसीबी लावा. घोळ इथंच होतो, कारण त्यात घरचं काय आणि बाहेरचं काय हे कोणी बघतच नाही.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. जांभळी फुलं छान दिसतात म्हणून लोकांनी ती जगभर नेली, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती बंगालमध्ये आली. एक रोप उचलून बघा, देठ खालून फुगीर असतो, कापला की आत नुसता स्पंज, सगळी हवा. बाजूला एक आडवी दांडी आणि तिच्या टोकाला तयार पिल्लू. ऊन आहे, केळीच्या शेतातून वाहून आलेलं खत आहे, मग काय, दोनेक आठवड्यांत दुप्पट! खाली ना उजेड जातो ना हवा, पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात.

पण तिच्या माहेरी ती एवढी माजत नाही, कारण तिथं तिला खाणारे भुंगेरे आहेत, आपल्याकडे येताना ती एकटीच आली. याची उलटी गोष्टपण आहे बरं का, आपल्या तळ्यात गुमान राहणारी हायड्रिला ही पाणवनस्पती अमेरिकेत फ्लोरिडाला पोचली आणि तिथले कालवे तुंबले. तर जलपर्णी आवरायला 1980च्या दशकात तिला खाणारे तेच भुंगेरे, निओकेटिना नावाचे, भारतात आणून बंगळूरकडच्या तलावांत सोडले, बऱ्याच ठिकाणी फरक पडला, पण त्याला वर्षं लागतात.

काठावरची बेशरमपण बाहेरचीच, अमेरिका खंडातली, शेळ्यांनी सतत खाल्ली तर विषबाधा होते.

आता पाणकणीस बघा. ते आपलं. त्याच्या जाड मुळ्या काठची माती धरून ठेवतात, पानं मुळांपर्यंत हवा पोचवतात आणि मुळांवर जगणारे जीवाणू घाण पाणी थोडं साफ करतात, जांभळी पाणकोंबडी त्यातच घरटं करते. सगळं खरवडलं तर हेपण जातं आणि मोकळ्या पाण्यावर पहिली जलपर्णीच पसरते. म्हणून हाताने निवडून काढणं कंटाळवाणं असलं तरी मला तेच बरोबर वाटतं, आणि काढलेली जलपर्णी काठावर टाकू नका, पाणी चढलं की ती परत आत जाते. शिवाय तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी ओसरून चिखल उघडा पडला की तिथं बारीक रोपं दिसतात का ते दरवर्षी बघावंच लागतं.