शटडाऊनमध्ये अमेरिकी खासदार घरी बसतात?

अमेरिकेत शटडाऊन लागलं, म्हणजे बजेट वेळेत मंजूर न झाल्याने बरंचसं सरकारी कामकाज थांबलं, की ‘खासदारांचं काम आणि पगार दोन्ही बंद’ हा मेसेज हटकून फिरतो. चूक आहे. त्यांचं वेतन वार्षिक बजेटवर अवलंबून नाही, त्याला कायमची मंजुरी आहे. २०२५ च्या ४३ दिवसांच्या शटडाऊनमध्येही ते चालू होतं. पगार रखडला तो त्यांच्या कर्मचाऱ्यांचा. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

मतदारसंघातलं ऑफिस किती उघडं ठेवायचं, ते प्रत्येक खासदार ठरवतो. सहीचं संमतीपत्र दिलंत की सरकारी खात्यात अडलेल्या तुमच्या अर्जाची विचारणा तिथून होते. पासपोर्ट, ग्रीनकार्डची खाती मुख्यतः फीवर चालतात, म्हणून तिथे काम हलतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी कामगार खात्याकडून मंजूर करून घ्यावा लागणारा ‘एलसीए’ हा कंपनीचा अर्ज मात्र २०२५ च्या ऑक्टोबरात जवळपास महिनाभर ठप्प होता. तिथे खासदाराचा फोनही उपयोगाचा नव्हता.