टोस्टचा करपलेला काठ आणि इंग्लंडचं स्वच्छ आकाश

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला: ‘इंग्लंडने जीएम गव्हाला परवानगी दिली, आता पावातून कॅन्सर!’ खाली जोडलेले हात, तीनदा. एका ओळीत दोन चुका. इंग्लंडमध्ये 13 नोव्हेंबर 2025 पासून जे नियम लागू झाले ते जीएम, म्हणजे सहसा बाहेरचं जनुक घातलेल्या, पिकांचे नाहीतच, ही पहिली. ते आहेत जनुक-संपादित, म्हणजे रोपाच्या स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, पिकांचे. दुसरी जास्त मजेची आहे. या नियमांच्या चर्चेत ज्या गव्हाचं नाव हमखास येतं, तो तयार केला गेला तोच पावातला एक संशयित कर्करोगकारक पदार्थ कमी करायला.

त्या पदार्थाचं नाव अॅक्रिलामाइड. तो अन्नात असतो हे जगाला कळलं स्वीडनमधल्या एका बोगद्यामुळे. 1997 मध्ये हालांदसोस इथे रेल्वेचा बोगदा खणताना पाण्याची गळती थांबेना, म्हणून फटींमध्ये अॅक्रिलामाइड असलेलं फटी बुजवणारं रसायन ओतलं गेलं. ते ओढ्यात उतरलं, मासे मेले, पाणी प्यायलेल्या गाई लुळ्या पडल्या. मजुरांचं रक्त तपासलं, आणि तुलनेसाठी बोगद्याशी संबंध नसलेल्यांचंही. या दुसऱ्या गटाच्या रक्तातही हिमोग्लोबिनला चिकटलेल्या अॅक्रिलामाइडच्या खुणा निघाल्या! ही माणसं तर बोगद्याच्या जवळपासही गेली नव्हती. माग काढत काढत 2002 मध्ये संशोधक स्वयंपाकघरात पोचले: बटाट्याच्या चिप्स, बिस्किटं, पाव, कॉफी.

हे घडतं कसं, त्याची वजाबाकी मला फार आवडते, म्हणून जरा थांबतो.

अॅस्पॅरजिन हे एक अमिनो आम्ल. 1806 मध्ये फ्रान्समध्ये अॅस्पॅरॅगसच्या रसातून ते वेगळं काढलं गेलं. सगळ्या अमिनो आम्लांमध्ये पहिलं सापडलेलं हेच, आणि अॅस्पॅरॅगस म्हणजे आपल्या शतावरीची चुलत बहीण. गव्हाच्या पिठात अॅस्पॅरजिन दोन प्रकारे असतं: प्रथिनांच्या साखळीत गुंफलेलं आणि सुटं. भानगड सुट्याची. तापमान 120 अंशांच्या वर गेलं की पिठातली साखर त्याला जाऊन चिकटते. ही मेलार्ड अभिक्रियेची सुरुवात. चपातीवरचे तपकिरी ठिपके आणि भाजलेल्या दाण्यांचा खमंग वास तिच्यातूनच येतात. अॅस्पॅरजिनच्या रेणूत 4 कार्बन, 8 हायड्रोजन, 2 नायट्रोजन, 3 ऑक्सिजन. साखर चिकटल्यावर त्यातून एक कार्बन डायऑक्साइड उडतो, मग एक अमोनिया. उरतं काय? 3 कार्बन, 5 हायड्रोजन, 1 नायट्रोजन, 1 ऑक्सिजन. हेच अॅक्रिलामाइड. टोस्टच्या मऊ पोटात पाणी असतं, तिथलं तापमान शंभरीच्या फारसं पुढे जात नाही. काठ कोरडा होतो आणि सगळा खेळ तिथे चालतो.

यावरून पाव सोडायचं कारण नाही. अॅक्रिलामाइड ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आहे ते मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे. माणसांच्या आहारावरच्या अभ्यासांतून ठाम संबंध निघालेला नाही. आणि ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ ही आपली लाडकी अंधश्रद्धा इथे कामाची नाही: सेंद्रिय गव्हाचा पाव करपवला तरी अॅक्रिलामाइड होतंच. उद्या कोणी ‘कॅन्सरमुक्त पाव’ म्हणून चढ्या भावानं विकू लागला, तर त्यालाही तेवढ्याच संशयानं बघा.

आता गव्हाच्या दाण्यात सुटं अॅस्पॅरजिन साठतं कशाला? नायट्रोजन साठवायला. चार कार्बनवर दोन नायट्रोजन, म्हणजे छोट्या डब्यात मोठा ऐवज. शेतकरी नत्र देतो, रोप ते उचलतं, एरवी त्याची प्रथिनं करतं. पण ग्लुटेनच्या प्रथिनांना गंधक लागतं, त्यांचे टाके गंधकाचे असतात. गंधक कमी पडलं की नत्र येत राहतं आणि प्रथिनं काही होत नाहीत. मग रोप पैसा गाडग्यात पुरून ठेवावा तसं नत्र अॅस्पॅरजिनच्या रूपात बाजूला टाकतं. गंधकाच्या टंचाईत वाढलेल्या गव्हात सुटं अॅस्पॅरजिन 30 पटींपर्यंत वाढलेलं आढळलं आहे.

गंधक कमी का पडावं? कारण सरकारनं आकाश धुतलं. ब्रिटनच्या कोळशाच्या धुरातून दर पावसाबरोबर शेतांवर गंधक पडत असे, फुकट, न मागता. आम्लवर्षा आणि विषारी हवा यांवर एकामागून एक नियम आले. गंधक डायऑक्साइडचं उत्सर्जन 1970 च्या तुलनेत सुमारे 98 टक्क्यांनी उतरलं, आणि 30 सप्टेंबर 2024 रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हा शेवटचा कोळशाचा वीजप्रकल्पही बंद झाला. माणसांच्या फुप्फुसांसाठी हे उत्तमच झालं. शेतकरी मात्र पूर्वी पावसातून मिळणारं गंधक आता पोत्यातून विकत आणतो. हा बदल कागदावर दिसतो तो लंडनच्या उत्तरेला हार्पेंडनमध्ये असलेल्या रॉथमस्टेड संस्थेमुळे. तिथे 1843 पासून एकाच शेतात गहू पेरला जातो, आणि दाणे, पेंढा, माती यांचे सुमारे 3 लाख नमुने जपून ठेवलेत. हवेतलं गंधक चढलं नि उतरलं, त्याची नोंद जुन्या दाण्यांतच सापडते.

कमी अॅस्पॅरजिनचा गहूही याच संस्थेचा. गव्हात अॅस्पॅरजिन बनवणारी जनुकं पाच, आणि त्यातलं एएसएन-2 मुख्यतः दाण्यातच काम करतं. ते बंद केलं तर पानं-मुळं चालू राहतात. पण गहू हा तीन गवतांच्या संकरातून आलेला. त्यात ए, बी, डी असे तीन जनुकसंच, आणि एकूण जनुकसामग्री (जीनोम) माणसाच्या पाचपट. म्हणजे एकाच जनुकाची प्रत प्रत्येक संचात शोधून मोडायची. आता गंमत पाहा: ब्रिटनमध्ये पेरल्या जाणाऱ्या काही वाणांत बी-संचातली प्रत मुळातच नाही. निसर्गानं ती कधीच खोडून टाकली आहे. संशोधकांनी तेच खोडकाम क्रिस्परच्या, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राच्या, कात्रीनं केलं. काचघरात अशा रोपांच्या एका वंशात अॅस्पॅरजिन 90 टक्क्यांपर्यंत उतरलं. पण काही दाणे उगवायला कुचराई करू लागले, त्यांना वरून अॅस्पॅरजिन द्यावं लागलं. ते काही रोपानं आपल्या टोस्टसाठी साठवलेलं नव्हतं! 2021 च्या शरदात हा गहू शेतात पेरला गेला, क्रिस्पर गव्हाची युरोपातली ती पहिली शेतचाचणी. तिथे घट 50 टक्क्यांपर्यंत आली आणि पीठ तापवल्यावर अॅक्रिलामाइड 45 टक्क्यांपर्यंत कमी भरलं.

त्या वेळी कायद्यानं तो जीएमच होता. 2018 मध्ये युरोपीय न्यायालयानं जनुक-संपादित पिकं जीएमच्या नियमांखाली आणली होती. किरणं किंवा रसायनांनी बियाण्यात हजारो आंधळे बदल घडवायची जुनी पद्धत मात्र त्या नियमांतून मोकळी राहिली. नेमका एक बदल केला तर फाइल जाडजूड, अंदाधुंद केले तर फाइलच नाही. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडला वेगळा रस्ता धरता आला. 23 मार्च 2023 चा कायदा म्हणतो की पारंपरिक पैदाशीतूनही होऊ शकले असते असेच बदल असतील तर ते वाण जीएमच्या जाळ्यात नाही. आपण भारतात याच विचारानं मार्च 2022 मध्ये अशा पिकांना सूट दिली, आणि मे 2025 मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीर झाले. विदर्भात चोरून पेरला जाणारा, तणनाशक सोसणारा एचटीबीटी कापूस यात बसत नाही. त्यात बाहेरचं जनुक घातलेलं असतं.

शेतकऱ्याला यात काय मिळतं, इथे उत्साह जरा ओसरतो. ब्रिटिश शेतकरी हेक्टरी 8 टनांच्या आसपास गहू काढतो. पावाच्या गव्हाला जादा भाव हवा तर गिरणीच्या दारात ट्रॉलीतून नमुना घेतला जातो: प्रथिनं 13 टक्के, वजन, आणि दाण्याला कोंब सुटायला लागलेत का हे सांगणारा आकडा. अॅस्पॅरजिन त्या नेहमीच्या तपासणीत नसतं. उलट 13 टक्के गाठायला शेतकरी उशिरा नत्राचा आणखी एक हात देतो, आणि अॅस्पॅरजिन वाढायला तेच निमित्त होतं. गिरणी पैसे मोजते प्रथिनांचे, अॅक्रिलामाइडची मर्यादा सांभाळायची बेकरीनं, आणि नवं बियाणं वेगळं पेरून वेगळ्या कोठारात ठेवायचा खर्च शेतकऱ्याचा. तोही अशा काळात, की जमिनीच्या आकारावर मिळणारं जुनं अनुदान 2021 पासून टप्प्याटप्प्यानं काढून घेतलंय आणि मातीची, पाण्याची, पक्ष्यांची काळजी घेतल्याबद्दल पैसे देणारी नवी योजना 11 मार्च 2025 रोजी नव्या अर्जांसाठी एका संध्याकाळीत बंद झाली. शेतजमिनीवरच्या वारसाकराविरुद्ध लंडनमध्ये शेतकरी उतरले ते याच मनःस्थितीत.

शिवाय हा कायदा चालतो फक्त इंग्लंडात. ट्वीड नदीच्या खालच्या टप्प्यात काही अंतर अलीकडचा काठ इंग्लंडचा, पलीकडचा स्कॉटलंडचा. माती तीच, पाऊसही तोच. अलीकडे असा गहू पेरायची वाट मोकळी झाली आहे, पलीकडे तोच अजून जीएम धरला जातो. पण देशांतर्गत बाजारपेठेच्या 2020 च्या कायद्यामुळे इंग्लंडात रीतसर विकला जाणारा माल स्कॉटलंडलाही सहसा अडवता येत नाही. एडिंबरामधल्या सरकारची मोठी तक्रार तीच आहे. जो गहू त्यांच्या शेतात पेरता येणार नाही, त्याचा टोस्ट त्यांच्या नाश्त्याला येऊ शकतो.